रिकॉल झाला आणि तिसऱ्या दिवशी दिवा लागला

मार्चच्या सुरुवातीला रत्नागिरीहून दादाने व्हॉट्सॲपवर एका पत्राचा फोटो पाठवला. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. खाली लिहिलं होतं, "हे तुझ्या गाडीचं दिसतंय. कपाटात पडलं होतं, आज सापडलं." पत्र गाडीच्या कंपनीचं, तारीख नोव्हेंबरची. ड्रायव्हरच्या आणि शेजारच्या सीटच्या एअरबॅगमधला इन्फ्लेटर नावाचा भाग बदलायचा आहे, तो विनामूल्य बदलून मिळेल, जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधावा, असा मजकूर. सदोष भाग बदलायला कंपनी अशा गाड्या परत बोलावते, त्यालाच रिकॉल म्हणतात.

चार महिने ते पत्र कपाटात होतं आणि ते चार महिने मी रोज ती गाडी चालवत होते. आठवड्यातून तीनदा आईला फिजिओथेरपीला नेत होते, तेही पुढच्या सीटवर बसवून, कारण गुडघ्यांमुळे तिला मागे बसायला-उतरायला त्रास होतो.

गाडी २०१३ची, नंबर एमएच ०८. दादाकडून मी ती २०१९ मध्ये घेतली. पुण्याच्या आरटीओत रीतसर नावावर करून घेतली, विमा माझ्या नावाचा. पण ही सगळी नोंद सरकारकडे. कंपनीच्या दप्तरी अजून दादाच मालक, म्हणून पत्र रत्नागिरीला. जुनी गाडी घेताना टायर बघतात, इंजिनचा आवाज ऐकतात, कर्ज फिटलंय का ते विचारतात. कंपनीला फोन करून मालकाचं नाव-पत्ता बदलून घ्या, असं मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. ते पाच मिनिटांचं काम आहे. मी ते सहा वर्षांनी केलं.

२०१३ साली गाडीत एअरबॅग असायलाच हवी असा नियम नव्हता. ड्रायव्हरसाठी ती सक्तीची झाली १ जुलै २०१९ला आणि शेजारच्या सीटसाठी नव्या मॉडेलना एप्रिल २०२१पासून. दादा महिन्यातून दोनदा कशेडी घाटातून मुंबईला जायचा, म्हणून त्याने मुद्दाम जास्त पैसे भरून दोन एअरबॅगवालं वरचं मॉडेल घेतलं होतं. मी त्याच्याकडून गाडी घेण्याचं एक कारण तेही होतं.

इन्फ्लेटर म्हणजे एअरबॅगच्या मागची धातूची डबी. टक्कर झाली की तिच्यातलं रसायन पेटतं, वायू तयार होतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पिशवी फुगते. टाकाटा या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट असायचं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा लागून ते खराब व्हायचं आणि मग टक्कर झाली की असं भडकायचं की डबीच फुटायची. तिचे तुकडे समोर बसलेल्या माणसाच्या गळ्यात, छातीत घुसायचे. त्यात माणसं गेली. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत बोलावले गेले आणि २०१७ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. दादाच्या पत्रातही दमट हवेचा उल्लेख होता. माझी गाडी पहिली सहा वर्षं रत्नागिरीत, समुद्राच्या वाऱ्यात, उघड्यावर उभी राहिलेली. त्या रात्री मी आईला सांगितलं, उद्यापासून तू मागे बसायचं. तिने कारण विचारलं नाही, माझ्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी आरसीवरचा सतरा अक्षरी चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला. उत्तर लगेच आलं, ही गाडी रिकॉलमध्ये आहे. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला आणि महामार्गालगतच्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पलीकडच्या मुलाने गाडीचं साल विचारलं आणि म्हणाला, "बारा वर्षं झाली ना मॅडम, मग नाही बसणार. रिकॉल सात वर्षांपर्यंतच असतो."

हे सात वर्षांचं प्रकरण नीट समजून घ्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने ११०-अ हे कलम आलं. सदोष गाड्या परत बोलवा असा हुकूम कंपनीला देण्याचा अधिकार त्या कलमाने केंद्र सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१पासून लागू झाले आणि सात वर्षांच्या आतली गाडी ही अट त्या नियमांमधली, म्हणजे सरकारच्या हुकमाने होणाऱ्या रिकॉलची. कंपनी आपण होऊन रिकॉल जाहीर करते तेव्हा कोणत्या गाड्या त्यात आहेत हे कंपनीच्या यादीवरून ठरतं. माझा चेसिस नंबर त्या यादीत होता. गाडी बारा वर्षांची असो की वीस, यादीत नंबर असला की विषय संपला. मी पुन्हा फोन केला, वर्कशॉप मॅनेजरला मागितलं आणि सरळ चेसिस नंबर वाचून दाखवला. दोन मिनिटांनी ते म्हणाले, "हो, आहे. पण पार्ट नाही." ड्रायव्हरच्या बाजूचा सहा-आठ आठवड्यांत येईल, शेजारच्या सीटचा कधी येईल ते सांगता येणार नाही. नाव लिहून घेतलं.

पार्ट मेमध्ये आला. सकाळी साडेनऊला गाडी घेऊन गेले. निघण्यापूर्वी भाच्याचा फोन आला होता. तो चाकणला गाड्यांचं वायरिंग हार्नेस, म्हणजे तारांची जुडी, बनवणाऱ्या कारखान्यात आहे. "मावशी, चावी द्यायच्या आधी इंजिन चालू ठेवून डॅशबोर्डचा फोटो काढ. किलोमीटर दिसायला हवेत आणि सगळे दिवे विझलेले दिसायला हवेत." मी काढला. ७१,८४६ किलोमीटर, एकही दिवा लागलेला नाही. पुढे जे झालं त्यात माझ्या बाजूने बोलणारी पहिली गोष्ट तो फोटो होता.

जॉब कार्डवर रिकॉलच्या ओळीखाली थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, व्हील अलाइनमेंट अशी तीन कामं आधीच टाइप केलेली होती, अंदाजे खर्च ६,४००. मी ती तिन्ही खोडायला लावली आणि "रिकॉलखेरीज कोणतंही काम करू नये" असं लिहून खाली सही केली. सर्व्हिस ॲडव्हायझर नाराज झाला. मला त्याचा राग नाही, त्याला महिन्याचं टार्गेट असतं हे मला ठाऊक आहे. पण कंपनीच्या चुकीची दुरुस्ती करायला आलेल्या माणसाला ही कामं विकू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

अडीच तासांनी गेट पास हातात आला. बिल शून्य. परत येताना चांदणी चौकापर्यंत मला खूप हलकं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी वारज्याजवळ, वळवाच्या पावसाने उखडलेल्या एका खड्ड्यात गाडी दणकन आपटली आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. बसलेला माणूस आणि त्याच्या समोर गोल फुगा, ते चित्र. मी गाडी कडेला घेतली, बंद करून पुन्हा चालू केली. एरवी हा दिवा चावी फिरवली की लागतो, साधारण सहा सेकंद राहतो आणि विझतो. गाडीचा कॉम्प्युटर तेवढ्या वेळात एअरबॅगची सगळी जोडणी तपासून घेतो. आता मी वीसपर्यंत मोजलं, तो विझला नाही. हँडबुकमध्ये लिहिलंय की दिवा लागून राहिला तर टक्कर होताना एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही. ज्या एअरबॅगसाठी मी दोन महिने वाट पाहिली होती, तिचाच आता भरवसा उरला नव्हता. मीटरचा फोटो काढला. ७१,९०२. सेंटरमधून बाहेर पडल्यापासून छप्पन्न किलोमीटरसुद्धा पुरे झाले नव्हते.

सेंटरला गेले तर तोच ॲडव्हायझर म्हणाला, "हा वेगळा जॉब आहे मॅडम. रिकॉलमध्ये फक्त इन्फ्लेटर बसतो. दिव्याचं काम रिकॉलमध्ये येत नाही." आधी स्कॅनिंगचे ८०० अधिक जीएसटी, म्हणजे ९४४ रुपये भरायला लावले. मग एस्टिमेट दिलं. स्पायरल केबल, म्हणजे फिरणाऱ्या स्टिअरिंगमधून एअरबॅगपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली तार, गेली आहे, पार्ट, मजुरी आणि कर धरून १४,६४०. मी विचारलं, तीन दिवसांपूर्वी तुम्हीच स्टिअरिंग उघडलंत आणि आज नेमकी त्याच्याच आतली केबल गेली? तो म्हणाला, गाडी जुनी आहे, योगायोग असतो. मग म्हणाला, "साहेब येतील का एकदा? त्यांना समजावून सांगतो."

मी म्हटलं, गाडी माझ्या नावावर आहे, चालवते मी, पैसे मी देणार आहे, मलाच समजावून सांगा आणि स्कॅनरचा स्क्रीन दाखवा. प्रिंट देता येत नाही म्हणाला, पण स्क्रीन दाखवला. त्यावर ड्रायव्हर एअरबॅग सर्किट, रेझिस्टन्स हाय, म्हणजे विजेला अडथळा जास्त, असा फॉल्ट होता. त्याचाही फोटो घेतला. केबल गेली असं त्या स्क्रीनवर कुठेच नव्हतं. केबल हा त्यांनी काढलेला अर्थ होता.

रविवारी भाचा घरी आला. येताना एक टाकाऊ पिवळा कनेक्टर घेऊन आला, अंगठ्याच्या पेराएवढा. एअरबॅगची जोडणी सहसा पिवळी असते, लांबूनच ओळखता यावी आणि कोणी चुकून हात लावू नये म्हणून. त्याने चहाच्या कपाशेजारी तो ठेवला आणि म्हणाला, "लाव बघू." मी दोन भाग एकमेकांत सरकवले. गच्च बसले असं वाटलं. त्याने हलकेच ओढले तर निघून आले. मग त्याने वरची चिमुकली पट्टी दाखवली, नखाएवढी. कनेक्टर आत सरकवला की ती पट्टी वेगळी दाबायची असते. दाबली की टक असा आवाज येतो, बोटालाही जाणवतो. मी तीन-चार वेळा करून पाहिलं. पट्टी दाबलेली नसतानाही आतल्या पिना एकमेकींना टेकतात, करंट जातो, दिवा विझलेला राहतो. मग एखादा दणका बसतो आणि पिना केसभर सरकतात.

"एअरबॅगच्या इग्नायटरचा, म्हणजे रसायन पेटवणाऱ्या भागाचा, रेझिस्टन्स दोन ओहमच्या आसपास असतो," तो म्हणाला. "एवढ्या कमी आकड्यात केसभर ढिलेपणासुद्धा कॉम्प्युटरला लगेच कळतो. केबल तुटली तरी हाच फॉल्ट येतो, कनेक्टर ढिला असला तरी हाच. आधी काय बघायचं? ज्याला परवा हात लागला ते." त्याने मला खाली नेऊन हॉर्न वाजवायला लावला, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, मध्ये. बऱ्याच गाड्यांत हॉर्नची तारही त्याच स्पायरल केबलमधून जाते, म्हणून केबल गेली की अनेकदा हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणं पण जातात. माझा हॉर्न प्रत्येक ठिकाणी खणखणीत वाजला. हा पुरावा नाही, आत तारा वेगवेगळ्या असतात, हेही त्याने सांगितलं. आणि एक गोष्ट बजावून सांगितली, घरी कोणीही स्टिअरिंग उघडायचं नाही, मीटर लावून रेझिस्टन्स मोजायचा नाही. मीटरच्या करंटनेही एअरबॅग उडू शकते.

कोणीतरी असंही सुचवलं होतं की बाहेर पाचशे रुपयांत दिवा घालवून मिळतो. तारेत एक छोटा रेझिस्टर घालतात, कॉम्प्युटरला वाटतं सगळं ठीक आहे, दिवा विझतो. एअरबॅग मात्र उघडत नाही. हे करणारे आणि करून घेणारे दोघंही कोणाच्या तरी जिवाशी खेळतात. जुनी गाडी घेताना चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा आधी लागतोय ना, हे म्हणूनच बघायला हवं. मुळीच लागत नसेल तर कोणीतरी तो बंद करून टाकलेला असू शकतो.

कोथरूडला आमच्या गच्चीतून वेताळ टेकडी दिसते. त्या टेकडीवर एआरएआय ही १९६६ मध्ये स्थापन झालेली वाहन संशोधन संस्था आहे, देशातल्या गाड्या तिथे तपासल्या जातात. चाकण, भोसरी, तळेगाव, अर्ध्या घरांतली माणसं गाड्यांच्या कारखान्यांत कामाला. अशा शहरात एका बाईला काउंटरवर सांगितलं जातं की तुझ्या जिवाशी संबंध असलेल्या दिव्याचं कारण योगायोग आहे, याचं मला फार वाईट वाटलं. त्या रात्री गच्चीत उभी राहून मी ईमेलचा मजकूर मनात जुळवला.

ईमेल सेंटरला नाही, कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवला, सेंटरला प्रत. रागाचं एकही वाक्य घातलं नाही. चेसिस नंबर, रिकॉलचं पत्र, जॉब कार्ड, दोन्ही फोटो तारखेसह, स्कॅनरचा फोटो, ९४४ची पावती. आणि तीन प्रश्न. माझी गाडी या रिकॉलमध्ये आहे की नाही? इन्फ्लेटर बदलल्यावर एअरबॅग व्यवस्थित चालू स्थितीत परत देणं हा रिकॉलचाच भाग आहे की नाही? नसेल, आणि हा बिघाड रिकॉलच्या कामाशी संबंधित नसेल, तर तो कशावरून, ते तांत्रिक कारणासह लेखी कळवावं.

तिसऱ्या दिवशी सेंटरच्या मॅनेजरचा फोन आला. आवाज एकदम मऊ. "मॅडम, तुम्ही जुन्या ग्राहक आहात, गुडविल म्हणून केबलवर पन्नास टक्के देतो." म्हणजे ७,३२०. खरं सांगते, मी क्षणभर विचार केला. आईची फिजिओथेरपी थांबली होती, रिक्षाने तिला नेणं जिवावर येत होतं. पण अर्धे पैसे दिले असते तर बिलावर केबल लिहिली गेली असती, ती माझ्या सहीने खरी ठरली असती आणि कनेक्टर तसाच राहिला असता तर पुढच्या खड्ड्यात पुन्हा हेच. मी म्हटलं, सवलत नको, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी द्या. ते म्हणाले, लेखी असं काही देता येत नाही.

त्याच दुपारी १९१५ला फोन लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून तक्रार नोंदवली, मोबाइलवर नंबर आला. ही हेल्पलाइन निकाल देत नाही. ती तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि उत्तर मागते, एवढंच तिचं काम. त्यानेही न झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. मी तीही तयारी करून ठेवली होती. गाडी घेतली तिथे जावं लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही भरता येते, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. माझ्यावर ती वेळ आली नाही.

सहाव्या दिवशी कंपनीकडून ईमेल आला. गाडी रिकॉलमध्ये आहे. तपासणी विनाशुल्क होईल, आपली इच्छा असल्यास शहरातल्या दुसऱ्या अधिकृत सेंटरमध्ये. मी दुसरं निवडलं, नगर रस्त्याकडचं.

तिथले फोरमन साठीच्या जवळ आलेले, हातावर ग्रीसचे जुने डाग. मी फाइल पुढे केली. त्यांनी चष्मा लावून सगळे कागद वाचले, डॅशबोर्डचे दोन्ही फोटो शेजारी-शेजारी धरून पाहिले आणि म्हणाले, "ताई, बघायचं असेल तर पिवळ्या पट्ट्याच्या मागे उभ्या राहा. पट्ट्याच्या पुढे यायचं नाही."

आधी त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि घड्याळ बघत उभे राहिले. मी विचारलं, कशासाठी थांबलात काका? म्हणाले, टक्कर होताना बॅटरीच चेपली तरी एअरबॅग उडावी म्हणून आत थोडा करंट साठवलेला असतो, तो उतरू द्यायचा. घाई करणाऱ्याचं तोंड फुटतं. मग स्टिअरिंगच्या मागून एअरबॅग सोडवली आणि ती तारेवर लटकू न देता हातात अलगद तोलून धरली. मागे वळून मला हाक मारली. "या आता. हात लावू नका, नुसतं बघा."

पिवळा कनेक्टर जागेवर होता. वरची पट्टी उभी होती. भाच्याने चहाच्या कपाशेजारी दाखवली होती अगदी तशी, नखाएवढी, वर आलेली. काकांनी करंगळीच्या टोकाने कनेक्टर हलवला, तो हलला. ते काही बोलले नाहीत. मी फोटो काढेपर्यंत थांबले, मग अंगठा ठेवून पट्टी दाबली. टक.

सगळं बसवून, बॅटरी जोडून, कोड पुसून त्यांनी चावी मला दिली. मी सीटवर बसून चावी फिरवली. दिवा लागला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आणि विझला. त्यांनी मला शेजारी बसवून गाडी बाहेर काढली, रस्त्यावरच्या दोन गतिरोधकांवरून जरा जोरातच नेली. मागच्या खेपेला हे कोणी केलं नव्हतं.

जॉब कार्डाशी आम्ही अर्धा तास घालवला. त्यांनी आधी लिहिलं, "कनेक्टर चेक केला." मी म्हटलं, काका, जे दिसलं ते लिहा. ते म्हणाले, "दुसऱ्या सेंटरच्या कामावर मी बोट ठेवणार नाही ताई, मला इथेच नोकरी करायची आहे." त्यांचं म्हणणं मला पटलं. कोणाचं नाव नको, कोणाची चूक नको, फक्त कनेक्टर कसा होता आणि तुम्ही काय केलंत एवढंच. शेवटी वाक्य ठरलं: ड्रायव्हर एअरबॅग कनेक्टरचा लॉक पूर्ण बसलेला नव्हता, बसवला, फॉल्ट कोड पुसला, दिवा बंद. पार्ट नाही, मजुरी नाही, बिल शून्य. चौदा हजार सहाशे चाळीस रुपयांची केबल आजही जुनीच आहे आणि चांगली चालते आहे.

ते जॉब कार्ड जोडून मी ९४४ रुपये परत मागितले. एकोणीस दिवसांनी खात्यात आले. त्याआधी पहिल्या सेंटरच्या मॅनेजरचा एकदा फोन आला होता. बोलता बोलता ते म्हणाले, "नवीन मुलगा होता मॅडम, त्या आठवड्यात सहा गाड्या त्यानेच केल्या." ते हे मला शांत करायला म्हणाले, पण मला एकदम इतर पाच गाड्या दिसू लागल्या. त्यांत कोणी ना कोणी बसत असेल. त्यांच्या पट्ट्या दाबलेल्या आहेत की नुसत्या टेकलेल्या, हे दिव्यावरून कळणार नाही, खड्ड्यात आपटेपर्यंत माझाही दिवा विझलेलाच होता. मी कंपनीला पुन्हा लिहिलं, त्या आठवड्यातल्या सगळ्या गाड्या बोलावून कनेक्टर बघा. उत्तर आलं, संबंधितांना कळवले आहे. दर पंधरा दिवसांनी मी विचारते, किती गाड्या आल्या? मागच्या वेळी सांगितलं, चार बघून झाल्या. पाचवीसाठी मी अजून विचारते आहे.

शेजारच्या सीटचा पार्ट आता कुठे आला आहे. मागच्या गुरुवारी फोन आला, १४ तारीख दिली, नगर रस्त्याकडच्याच सेंटरची. पिवळ्या पट्ट्यामागे उभं राहू देणार का, हे मी आधीच विचारून घेतलं. काका हो म्हणाले. तोवर आई मागेच बसते. उतरताना ती आधी डावा पाय खाली ठेवते, मग दरवाज्याला धरते, मग माझा हात घेते. भाच्याने दिलेला पिवळा कनेक्टर गाडीच्या खणात आहे, फाइलशेजारी.